माळव्याच्या उन्हात ऑर्पिंग्टन : मागच्या अंगणातल्या कोंबड्यांच्या नोंदी

इंदूर, राजेंद्रनगर. घरामागची जागा साधारण तीस फूट बाय अठरा, तोंड पश्चिमेला, कोपऱ्यात एक जुना कडुनिंब. जात बफ ऑर्पिंग्टन, सुरुवात बारा पिल्लांपासून. या जातीबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेलं आहे. बर्फात पाणी गोठू नये म्हणून काय करावं ते सगळे सांगतात, मे महिना कसा काढावा ते कुणी सांगत नाही. तुम्ही खुराडं बांधायच्या बेतात असाल तर आधी खालच्या मे महिन्याच्या नोंदी वाचा, मग मिस्त्रीला बोलवा.

१८ सप्टेंबर

जात पक्की केली. ऑर्पिंग्टन ही विल्यम कुक यांनी इंग्लंडच्या केंट परगण्यात तयार केलेली जात. १८८६ साली काळी आली, १८९४ मध्ये बफ, म्हणजे पिकल्या गव्हाच्या रंगाची. कोंबडी तीन-साडेतीन किलोची, कोंबडा साडेचारपर्यंत. पिसं दाट आणि भुरभुरीत, त्यामुळे पक्षी आहे त्याच्या दीडपट दिसतो. तिकडची थंडी या जातीला सहज मानवते.

सगळ्यांनी सुचवलं की झाबुआ शेजारीच आहे, कडकनाथ आणा. सल्ला वावगा नाही. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पक्षी अंगाने हलका आहे आणि इथलं ऊन त्याच्या हाडीमाशी आहे. पण तो चपळ आणि बुजरा, सहा फुटांची भिंत सहज ओलांडतो. घरात लहान मुलं आहेत, सासूबाई दिवसभर अंगणात असतात. मला शांत, माणसाळणारी, कडेवर घेता येणारी कोंबडी हवी होती. त्यासाठी उन्हाळ्यात जास्त कष्ट पडले तरी चालतील असं ठरवलं.

शेजारी आधी विचारलं. डावीकडचं कुटुंब पूर्ण शाकाहारी. काकाजींनी दोनच अटी घातल्या : वास येता कामा नये आणि कोंबड्याने रात्री उठवता कामा नये. दोन्ही रास्त आहेत.

२ ऑक्टोबर

खुराडं उभं राहिलं. आतली जागा आठ बाय सहा फूट, म्हणजे दहा मोठ्या पक्ष्यांना प्रत्येकी चार चौरस फुटांहून जरा जास्त. पुढे पंधरा बाय बारा फुटांचं जाळीबंद अंगण.

खर्च : लोहामंडीतून अँगल व पत्रा ८,६०० रुपये, अर्धा इंची वेल्डेड जाळी ५,४००, फळ्या, प्लायवूड, कड्या-बिजागऱ्या ३,१००, वेल्डर व मिस्त्री ४,५००. एकूण २१,६००.

जाळीत काटकसर करू नका. षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. आमच्या गल्लीत मुंगूस रोज दिसतं, म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरली आणि तिथून बाहेरच्या अंगाला आणखी फूटभर आडवी पसरून वर माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं, तिथे त्याला जाळी लागते.

बसायची फळी जमिनीपासून दीड फुटावर, तीन इंच रुंद, कडा घासून गोल केलेल्या. मिस्त्री तीन फुटांवर गोल दांडी लावायला निघाला होता, थांबवलं. एवढा जड पक्षी रोज उंचावरून उडी मारतो तेव्हा तळव्याला जखम होते, आत घाण जाऊन गाठ धरते आणि मग ती महिनोन्‌महिने बरी होत नाही.

१४ ऑक्टोबर

पिल्लं आली. नाशिककडच्या एका पाळणाऱ्याकडून, दोन आठवड्यांची, नगाला ६०० प्रमाणे ७,२०० रुपये. दिरांनी धुळे-सेंधवा मार्गे रात्रीत गाडीने आणली, म्हणजे प्रवासात ऊन लागलं नाही. आल्या आल्या गुळाचं पाणी, खाणं तासाभराने. तरी एक पिल्लू मुळातच मलूल होतं, दुसऱ्या दिवशी गेलं. उरली अकरा.

उबेसाठी खोक्यात बल्ब. तापमापक लावलाय, पण खरं पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच वासून बसली तर उकडतंय, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक.

२८ ऑक्टोबर

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, दुसरी लस. पहिली पाळणाऱ्यानेच डोळ्यात थेंब टाकून दिली होती. ही लासोटा नावाची, पाण्यातून द्यायची. कुपी विरघळवली, नळाच्या पाण्यात घातली, पिल्लं प्यायली. संध्याकाळी डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, नळाला नर्मदेचं पाणी ना? मग लस मेली असं समजा. ही लस जिवंत विषाणूची असते आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.

दुसऱ्या दिवशी नवी कुपी. या वेळी उकळून गार केलेलं पाणी, त्यात साय नसलेल्या दुधाची थोडी पावडर. पिल्लांना आधी दीड तास पाणी बंद, म्हणजे लसीचं पाणी लगेच संपतं. कुपी बर्फात आणायची, फोडल्यावर दोन तासांत वापरायची. कुपीत शंभर पक्ष्यांचा डोस, आमचे पक्षी अकरा, उरलेलं वाया जातं. जवळपास आणखी कुणी पाळत असेल तर एकाच दिवशी मिळून करा.

६ नोव्हेंबर

सकाळी तुसावर रक्ताचे डाग. दोन पिल्लं पिसं फुगवून, मान आत घेऊन उभी. रक्ती हगवण. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ती गाठतेच, आणि ओल्या तुसात तिचे जंतू झपाट्याने वाढतात. आमच्याकडे पाण्याचं भांडं जमिनीवर होतं, भोवतीचा तूस चिखलासारखा झाला होता.

डॉक्टरांनी अ‍ॅम्प्रोलियम पाण्यातून दिलं. ते चालू असताना बी जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका, कारण हे औषध जंतूंना मिळणाऱ्या बी-१ चीच वाट अडवून काम करतं. टॉनिक दिलं तर औषध लागू पडत नाही. सगळा तूस बदलला, भांडं विटेवर, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणलं. एक पिल्लू वाचलं नाही. उरली दहा.

२२ नोव्हेंबर

खाद्याबद्दल एकच पण महत्त्वाचं. आपण सोयाबीनच्या मुलखात राहतो. कुणीतरी ओळखीचा शेतकरी गोणीभर सोयाबीन आणून टाकतो आणि म्हणतो, घाला कोंबड्यांना, प्रथिनंच प्रथिनं. कच्चं सोयाबीन घालू नका. त्यातले घटक प्रथिनं पचूच देत नाहीत, पिल्लं खातात आणि खंगतात. तेल काढल्यावर उरणारी भाजलेली पेंड, म्हणजे डीओसी, चालते. छावनीच्या मंडीतून मका आणून घरी भरडते, डीओसी आणि खनिज मिश्रण विकतचं. मिश्रण किलोला ३८ रुपयांपर्यंत पडतं.

२७ डिसेंबर

रात्री आठ-नऊ अंश. पक्षी मजेत. प्लास्टिकचे पडदे सगळीकडून बंद केले होते, तर सकाळी आत डोळे चुरचुरायला लागले आणि दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, शिंकायला. वरची फूटभर पट्टी चारी बाजूंनी उघडी ठेवली, तीन-चार दिवसांत शिंका थांबल्या. ऑर्पिंग्टनला इंदूरच्या थंडीचं काही वाटत नाही, कोंडलेल्या हवेचं वाटतं.

१६ फेब्रुवारी

दहात तीन कोंबडे, सात तलंगा. एवढ्यांना एक कोंबडा पुरतो. दोन राऊ गावाकडच्या एका शेतावर दिले.

शेपटीखालच्या दाट लोकरीसारख्या पिसांत उवा सापडल्या. पिसं बोटांनी फाकवून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत : पिसाच्या बुडाशी साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पांढरे पुंजके, ती अंडी. तिथली पिसं कात्रीने कापली, डॉक्टरांनी दिलेली पावडर चोळली, दहा दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या खेपेला अंडी मरत नाहीत. अंगणात राख आणि कोरड्या मातीचा खड्डा करून दिला, आता तासन्‌तास त्यात लोळतात. कापायचंच असेल तर एवढंच कापा. पाठीची, छातीची पिसं उन्हाळ्यासाठी कापायचा सल्ला मला मिळाला होता, तो मानला नाही. तीच पिसं सूर्याची तिरीप अडवतात.

काकाजींचा निरोप आला, "बेटा, ये चार बजे से चालू हो जाता है." पूर्वेच्या बाजूला जाड काळा पडदा लावला. आता पावणेसहापर्यंत शांतता असते.

११ एप्रिल

पहिलं अंडं. सासूबाईंनी हातात घेऊन देवापुढे ठेवलं. फिकट तपकिरी, लहान. साडेसहा महिन्यांनी, म्हणजे या जातीच्या मानाने वेळेवर. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायला लागले, खाद्यात मिसळायचा नाही. जिला लागतो ती तेवढा खाते.

३ मे

दुपारी सगळ्या जणी पंख अंगापासून दूर धरून, चोच वासून उभ्या. घशाखालची कातडी सारखी थरथरते. कोंबडीला घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. धापांबरोबर कार्बन डायॉक्साइडही जास्त जातो, रक्तातलं संतुलन बिघडतं आणि कवच धरायला जे लागतं ते कमी पडतं. कालच्या चार अंड्यांपैकी दोनांची कवचं बोटाने दबत होती. शिंपले कितीही घाला, धापा थांबल्याशिवाय कवच सुधारत नाही.

काळा पडदा काढला. हवा अडत होती. काकाजींना जाऊन सांगितलं की पावसापर्यंत सांभाळून घ्या. त्यांनी घेतलं.

१९ मे

तापमापक घेऊन दुपारी अडीचला मोजलं. पत्र्याच्या खाली ४६.५, जमिनीलगत ४१, कडुनिंबाखाली ३९.५. ऑर्पिंग्टन बत्तीसच्या पुढेच धापा टाकायला लागते. चाळीसला ती मरणाच्या दारात असते.

पत्र्याला चुना मारला. खालचं तापमान तीन अंशांनी उतरलं, पुरेसं नाही.

२४ मे

सर्वांत मोठी कोंबडी गेली. दुपारी तीनला दिसेना म्हणून शोधलं, तर अंडी घालायच्या पेटीत. पाय मागे ताणलेले, तुरा जांभळट, अंग हाताला चटका बसेल इतकं गरम. खाली अंडं होतं.

पेटीत तापमापक ठेवला : ४५. तीन बाजूंनी प्लायवूड, वर प्लायवूड, पुढे आडोसा म्हणून गोणपाट. पुस्तकात सांगतात तशी अंधारी, बंदिस्त, निवांत पेटी. अंडं घालायला कोंबडी तासभर आत बसते, इतर वेळी ती ऊन टाळून सावलीत पळेल, पण त्या तासात पळत नाही. बाकी सगळं खुराडं गार केलं आणि पेटी तशीच ठेवली तर मरण पेटीतच येतं.

संध्याकाळी पेट्यांची मागची आणि वरची फळी काढून तिथे जाळी ठोकली. अंधार हवा म्हणून पुढे गोणपाट राहू दिलं, पण अर्ध्यापर्यंतच, आणि ते ओलं ठेवतो. पेट्या पश्चिमेच्या भिंतीवरून उचलून पूर्वेला कडुनिंबाच्या सावलीत आणल्या.

२७ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे. जे जे केलं आणि टिकलं ते सविस्तर लिहिते.

छप्पर : पत्र्याच्या दीड फूट वर बांबूंचा सांगाडा करून त्यावर तुराट्या आणि हिरवी जाळी. मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो, पत्रा तापतच नाही. सगळ्यात जास्त फरक यानेच पडला, पत्र्याखाली ४६ वरून ३९. खर्च १,९०० रुपये. बांधतानाच केलं असतं तर वेल्डरला दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागले नसते.

कूलर : जुना २,२०० ला घेतला, वाळ्याचे पडदे लावले. पश्चिमेकडून आत सोडला आणि समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवली. समोरून हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसती ओल वाढवतो. आत ३५-३६ पर्यंत उतरतं. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते म्हणूनच हे जमतं.

पाणी : एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी आता अर्धा लिटर पिते. प्लास्टिकचं भांडं काढून मातीच्या परळी ठेवल्या, सावलीत, तीन ठिकाणी. गरम पाणी ती पीत नाही, तहानलेली उभी राहते, म्हणून दिवसातून तीनदा बदलायचं. दुपारी इलेक्ट्रोलाइट. शिवाय एका पसरट घमेल्यात दोन इंच पाणी, त्यात उभ्या राहतात. पायांतून आणि तुऱ्यातून बरीच उष्णता जाते.

खाणं : पहाटे पाचला आणि संध्याकाळी साडेसहाला. पहाटेचं खाऊन झालं की भांडं उचलायचं. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी नऊला भरपेट खाऊ घातलं तर ती वेळ बरोबर दुपारच्या उन्हावर येते. दुपारी फक्त कलिंगडाच्या साली.

जमीन : कडुनिंबाखाली वाळूचा खड्डा, सकाळी आणि बाराला भिजवायचा. दुपारभर सगळ्या तिथे पोट टेकून असतात.

एखादी मान टाकायला लागली तर तिला छातीपर्यंत साध्या नळाच्या पाण्यात धरा, डोकं वर ठेवून. बर्फाच्या पाण्यात नको, एकदम धक्का बसतो. परवा एकीला असं वाचवलं, दहा मिनिटांत ती स्वतःहून उभी राहिली.

३० मे

एक कोंबडी खुडूक झाली. हात घातला की फुगून किंचाळते, पेटी सोडत नाही. या उकाड्यात रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवणं म्हणजे तिला मारणं. अंडीही कामाची नाहीत : उन्हाळ्यात कोंबडा थकलेला असतो, फळ धरत नाही, आणि पस्तीस अंशाच्या खोलीत ठेवलेल्या अंड्यात जीव अर्धवट वाढून मरतो. तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, विटांवर उंच, सावलीत ठेवलं. पोटाखालून वारा लागला की खुडूकपणा उतरतो. चौथ्या दिवशी उतरला.

२६ जून

पाऊस लागला. कूलर बंद. हवेत ओल असताना तो चालवला तर धापा वाढतात, आता फक्त पंखा.

नवा प्रश्न काळ्या मातीचा. पहिल्या दोन सरींत अंगणाचा चिखल झाला, नखांना मातीचे गोळे धरले, ते पाण्यात भिजवून सोडवावे लागले. चार इंच माती उचलून मुरूम आणि वर जाड वाळू टाकली, कडेने चर खणला. एक ट्रॉली मुरूम, वाळू आणि मजुरी मिळून ४,३००.

आत तुसाची गादी रोज सकाळी उलटून घेते, आठवड्याला विरलेला चुना भुरभुरते. वासाची परीक्षा उभं राहून होत नाही. गुडघे टेकून, कोंबडीच्या नाकाच्या उंचीला नाक नेऊन पाहायचं. काकाजींकडून अजून तक्रार नाही. मका आता आठवड्यापुरताच आणते, पावसात त्याला बुरशी लागते आणि ती बुरशी यकृत खाते.

१८ जुलै

तीच कोंबडी पुन्हा खुडूक. आता हवा पंचवीस-अठ्ठावीसवर आहे, बसू दिलं. आठवड्याच्या आतली दहा अंडी, रात्री अंधारात खाली सरकवली. सासूबाईंनी माहेरच्या आठवणीने डालगं मागितलं होतं, ते आणून त्यात तूस घालून दिलं. दिवसातून एकदा उठते, खाते, पिते, भली मोठी घाण शीट टाकते आणि परत बसते. ती न उठेल तेव्हा आपण उचलून बाहेर ठेवायचं.

२६ जुलै

रात्री बॅटरीवर अंडी पाहिली. आठांत लाल शिरांचं जाळं आणि हलणारा ठिपका, दोन स्वच्छ. स्वच्छ काढून टाकली. पुढे एक तिच्याच वजनाने फुटलं. जड जातीला दहांपेक्षा जास्त अंडी घालू नका.

९ ऑगस्ट

एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं. एक टोचा मारून आतच राहिलं. फोडून मदत करायचा मोह आवरला, पिवळा बलक पूर्ण आत ओढला गेलेला नसेल तर रक्त जातं. बल्ब, तापमापक, खोकं यांपैकी काही लागलं नाही. पहिल्या खेपेला पिल्लं विकत आणून जेवढं जागरण केलं त्यातलं काहीच या वेळी करावं लागलं नाही. आईच त्यांना पंखाखाली घेते आणि बाहेर काढते.

३१ ऑगस्ट

मोठे सात पक्षी. महिन्याला तीसेक किलो खाद्य, साधारण १,१५० रुपये. अंडी दिवसाला तीन, कधी चार. केवळ अंड्यांचा हिशेब मांडला तर खुराड्याचा खर्च निघायला वर्षं लागतील, विकत घेणं स्वस्त. ज्यांना या पक्ष्यांचाच लळा आहे त्यांनीच यात पडावं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी ठरलेलं : तुराट्यांचं दुसरं छप्पर होळीच्या आधी नवं करायचं, पश्चिमेला वेलाचा मांडव, आणि सहा पिल्लांपैकी जे कोंबडे निघतील ते फेब्रुवारीतच द्यायचे, म्हणजे मे महिन्यात आत गर्दी राहणार नाही. मांडवासाठी गिलकीच्या बिया लावल्यात.